घड्याळात बारा वाजले तरी सूर्य डोक्यावर का येत नाही? टाईम झोनची भानगड

रत्नांग्रीकर

नमस्कार मंडळी. माझा साडू विशाखापट्टणमला गोदीत कामाला आहे, परवा संध्याकाळी सहा पंचवीसला त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रस्त्यावरचे दिवे लागलेले, आभाळ काळं पडलेलं, आणि मी इकडे भाट्याच्या पुळणीवर डोळ्यांवर आडवा हात धरून उभा, कारण सूर्य अजून पाण्यापासून चांगला दोन बोटं वर होता. धाकटी बाजूलाच होती, तिने विचारलं, बाबा, काकांकडे रात्र झाली तरी त्यांच्या घड्याळात आपल्याएवढेच कसे वाजले? उत्तर द्यायला बसलो आणि रविवार गेला. जे हाताला लागलं ते लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

हिशोब असा आहे की पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटं. रत्नागिरी ७३.३ पूर्व रेखांशावर, विशाखापट्टणम ८३.३ च्या आसपास, दहा अंशांचं अंतर, म्हणजे आपला सूर्य त्यांच्यापेक्षा ४० मिनिटं उशिरा. अक्षांश दोन्हीकडे १७ च्या घरातला, त्यामुळे दिवस लहानमोठा असल्याचा फरक नाही, नुसता रेखांशाचा खेळ. आणि दोघांची घड्याळं बांधली आहेत ८२.५ रेखांशाला, जो वर मिर्झापूरजवळून आणि खाली काकीनाड्याजवळून जातो. साडूचं घड्याळ त्याच्या सूर्याशी जवळपास जुळतं, आपण मात्र ३७ मिनिटं मागे. आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशोबाने रत्नागिरीत साडेअकरा पण झालेले नसतात.

मग प्रत्येक गावाने आपापली वेळ का ठेवू नये? तर पूर्वी तसंच होतं. मुंबईचं घड्याळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, कलकत्त्याचं ५ तास ५३ मिनिटं पुढे, दोन्ही शहरांत तासाभराचा फरक आणि कोणाचं काही अडत नव्हतं, कारण मुंबईहून कलकत्त्याला जायला आठवडे लागायचे, तिथे पोचल्यावर घड्याळ तासभर चुकतंय याची कोणाला पडली होती. अडायला लागलं ते रेल्वे आणि तारायंत्र आल्यावर. एकेरी रूळ, समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या, आणि दोन स्टेशनमास्तरांची घड्याळं वेगळी, विचार करा. इंग्लंडात ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्येच सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली, कायदा व्हायला मात्र १८८० उजाडलं. अमेरिकेत रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ ला आपसात ठरवून देशाचे पट्टे पाडले, सरकारला विचारलं पण नाही. आपल्याकडे रेल्वेवाल्यांनी मद्रास टाईम धरला, कारण मद्रासला वेधशाळा होती आणि ते मुंबई-कलकत्त्याच्या मधोमधही पडायचं.

मग १८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली आणि ग्रीनिचचा रेखांश शून्य ठरला. २२ मतं बाजूने, सान डोमिंगो (आजचं डोमिनिकन रिपब्लिक) विरोधात, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. फ्रेंचांना ते इतकं लागलं की १९११ पर्यंत त्यांनी पॅरिसचीच वेळ ठेवली, आणि बदलली तेव्हा कायद्यात लिहिलं काय, तर पॅरिसची वेळ ९ मिनिटं २१ सेकंद मागे. म्हणजे ग्रीनिचच, पण नाव घ्यायचं नाही. जुन्या घरातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यातला प्रकार.

भारतात ८२.५ ची वेळ लागू झाली १ जानेवारी १९०६ पासून. आणि गंमत बघा, रेल्वेसाठी एवढा खटाटोप, आणि कोकणात अखंड रेल्वे यायला १९९८ उजाडलं. घड्याळ नव्वद वर्षं आधी आलं, गाडी मागाहून.

माडाखाली

मस्त लिहिलंयस. एक शंका, मी मूळ वेंगुर्ल्याचा, सध्या मुक्काम हर्णैला. इतक्या लांब आलो तर माझ्या सूर्यात किती फरक पडला?

रत्नांग्रीकर

दोन मिनिटं. आपला किनारा जवळजवळ उभा आहे ना, उत्तर-दक्षिण. वेंगुर्ला ७३.६, हर्णै ७३.१. एसटीत दिवस घालवलास तरी रेखांशात अर्धा अंश सरकलास. तेवढाच प्रवास आडवा केला असतास तर सोलापूरच्या पुढे गेला असतास आणि दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडला असता. वर-खाली गेलं की दिवसाची लांबी बदलते, मध्यान्हाची वेळ नाही.

निवृत्त_गुरुजी

रत्नांग्रीकर, धागा चांगला, पण ३७ मिनिटं हा वर्षाचा सरासरी आकडा झाला. लेकीला घेऊन स्वतः मोजा, त्याला काही लागत नाही. खळ्यात जमीन सपाट असेल तिथे हातभर काठी ओळंबा धरून अगदी सरळ पुरा. काठीच्या बुडाशी दोरी बांधून भोवती वर्तुळ काढा, खडूने किंवा रांगोळीने. सकाळी सावली लांब असते, वर्तुळाच्या बाहेर. ती आखडत आखडत ज्या क्षणी टोक वर्तुळाला टेकेल तिथे खूण करा आणि वेळ लिहा. दुपारनंतर सावली लांबायला लागून पुन्हा वर्तुळाला टेकते, तिथेही तसंच. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे तुमचं खरं मध्यान्ह, आणि दोन खुणा जोडणाऱ्या रेषेच्या मध्यापासून काठीपर्यंत रेघ ओढलीत तर ती तंतोतंत उत्तर-दक्षिण. आपल्याकडचे जुने गणिती शंकूने, म्हणजे अशाच उभ्या काठीने, दिशा काढायचे ती हीच रीत. मुलांना पट्टीने सावली मोजत बसवू नका, मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की नेमकी कुठली सर्वात लहान ते कळतच नाही, वर्तुळाचा उपाय त्यासाठीच आहे.

आता फेब्रुवारी आहे. समजा सकाळी ११ वाजून ५ ला टेकली आणि दुपारी २ वाजून ३७ ला, तर मध्य येईल १२ वाजून ५१. सदतीस नव्हे! कारण पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे खरा सूर्य सरासरी सूर्याच्या, म्हणजे घड्याळ ज्याच्यावर चालतं त्याच्या, कधी मागे राहतो कधी पुढे पळतो. फेब्रुवारीच्या मध्याला तो १४ मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. म्हणजे रत्नागिरीत दिवाळीच्या सुमारास मध्यान्ह १२ वाजून २० ला आणि आत्ता १२ वाजून ५१ ला. फरक शून्य होतो वर्षातून चार वेळा, त्यातली एक १५ एप्रिलच्या आसपास. त्या दिवशी मोजलंत तर तुमची ३७ मिनिटं बरोबर मिळतील.

आणखी एक. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस असा येतो की भर मध्यान्हाला काठीला सावलीच नसते. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते. ऑगस्टातला शून्य सावलीचा दिवस आपल्याला कधी दिसत नाही, पाऊस बघू देईल तर ना.

रत्नांग्रीकर

गुरुजी, हे भारीच. येत्या रविवारी करतो. गेरूने सारवलेल्या खळ्यात रांगोळीचं वर्तुळ छान उठून दिसेल.

बोटीवरचा

मी मर्चंट नेव्हीत होतो, सेकंड मेट म्हणून बरीच वर्षं, म्हणजे दुपारी आणि रात्री बारा ते चारचा वॉच आणि नकाशे-घड्याळांची जबाबदारी माझ्याकडे. टाईम झोन रेल्वेमुळे आले हे खरं, पण वेळ आणि रेखांश ही एकच गोष्ट आहे हे पहिलं कळलं दर्यावर्दी लोकांना आणि तेही माणसं गमावून.

अक्षांश काढणं सोपं असतं, मध्यान्हाचा सूर्य किंवा ध्रुवतारा किती उंच आहे ते मोजायचं. रेखांशासाठी मात्र आत्ता ग्रीनिचला किती वाजलेत हे माहीत पाहिजे, आणि लंबकाचं घड्याळ डोलणाऱ्या बोटीवर चालत नाही. १७०७ मध्ये इंग्रजांच्या ताफ्यातली चार जहाजं आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकून सिली बेटांच्या खडकांवर आपटली, हजारावर माणसं गेली. मग १७१४ मध्ये पार्लमेंटने २० हजार पौंडांचं बक्षीस लावलं. ते काम फत्ते केलं जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने, सगळी हयात घालवली त्याने त्यात. त्याचं चौथं घड्याळ, मोठ्या खिशातल्या घड्याळाएवढं, १७६१ मध्ये जमैकाला जाणाऱ्या जहाजावर चढलं आणि ८१ दिवसांत साधारण ५ सेकंद चुकलं. पाच सेकंद म्हणजे विषुववृत्तावर सव्वा मैल. एक मिनिट चुकलं तर १५ सागरी मैल, म्हणजे किनारा अजून पंधरा मैल लांब आहे समजताय आणि बोट जयगडच्या खडकावर. आता जीपीएस आहे, पण आम्ही सेक्स्टंट (सूर्याची उंची मोजायचं यंत्र) घेऊन दुपारी ब्रिजवर उभे राहायचो, क्रोनोमीटरला, म्हणजे बोटीवरच्या अचूक घड्याळाला, ग्रीनिचची वेळ लावलेली, त्याला रोज ठरल्या वेळी चावी द्यायची, आणि माझ्याशिवाय त्या घड्याळाला कोणी बोट लावायचं नाही.

बाकी बोटीवर टाईम झोन अंगावर येतो तो झोपेतून. पश्चिमेला चाललात की दर १५ अंशांना घड्याळ तासभर मागे, पूर्वेला चाललात की तासभर पुढे. मागे करायची रात्र सगळ्यांच्या आवडीची, तास जास्त झोप, पण तेवढ्या रात्री जो वॉचवर त्याने पाच तास का उभं राहायचं, म्हणून वीस-वीस मिनिटं तीन वॉचमध्ये वाटून द्यायचे. जपानवरून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जाताना मात्र रात्रीमागून रात्री झोप कापली जाते, माणसं चिडचिडी होतात, खाण्यावरून भांडणं. आणि मग १८० रेखांश ओलांडला की भरपाई एकदम, तोच दिवस परत.

आमचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, देवगडकडचा, सोमवार करायचा. एकदा नेमका सोमवार दोनदा आला. पहिल्या सोमवारी साबुदाणा झाला, दुसऱ्या दिवशी मेसमध्ये येऊन चार्टकडे बघत उभा. सगळी बोट बघायला जमली, हा आता काय करतो. त्याने शांतपणे कोंबडीचं ताट पुढे ओढलं आणि म्हणाला, शंकराने ह्याच्या आधीच सही घेतल्यान.

मालवणची_सून

बोसनचं उत्तर लाखात एक 😂 पण मग संकष्टी असती तर? दोन वेळा चंद्रोदय?

दाते_गोखले_नाही

(आयडीवर जाऊ नका, पंचांगाचा नाद आहे एवढंच.) वार दोनदा येऊ शकतो, कारण वार घड्याळ-कॅलेंडरवर चालतो. तिथी दोनदा येणार नाही. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं १२ अंशांचं अंतर, ती आभाळात घडते, सगळ्या जगाला एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. फक्त त्या क्षणी कुणाच्या घड्याळात किती वाजलेत ते वेगळं. चंद्रोदय मात्र जो तो आपल्या आभाळात बघणार.

यातूनच दर वर्षी भाद्रपदात व्हॉट्सॲपवर भांडण होतं ते आठवा, अमेरिकेतल्या भावाने गणपती आदल्या दिवशी का बसवला म्हणून. उदाहरण घेऊ. समजा आपल्याकडे चतुर्थी मंगळवारी दुपारी १ ला लागली आणि बुधवारी दुपारी ३ ला संपली. गणेश चतुर्थीला मध्यान्हाला तिथी असावी लागते, ती आपल्याला बुधवारी मिळते, म्हणून आपला गणपती बुधवारी. न्यूजर्सी त्या दिवसांत आपल्या साडेनऊ तास मागे. तिथे चतुर्थी लागली मंगळवारी पहाटे साडेतीनला, संपली बुधवारी पहाटे साडेपाचला. मध्यान्हाची चतुर्थी तिथे मंगळवारीच, बुधवारी दुपारी पंचमी. तो भाऊ बरोबर आहे! चूक त्याची जो मुंबईच्या पंचांगातली वेळ जशीच्या तशी तिकडे वापरतो.

आणि आपल्या जुन्या घटिका-पळांचा हिशोब मुळात सूर्योदयापासूनचा, ६० घटिकांचा दिवस, घटका २४ मिनिटांची. प्रत्येक गावाचा सूर्योदय वेगळा म्हणून प्रत्येक गावाची वेळ वेगळी, आणि सगळ्यांना जोडणारा मध्यरेखांश उज्जैनचा. ग्रीनिचने जे केलं ते काम आमच्या ज्योतिष्यांनी उज्जैनवर कधीच बसवलं होतं, फक्त तो गणिताचा धागा होता, त्यावर कोणाच्या कचेरीची घंटा वाजत नव्हती.

रापणवाला

तुमी सगळे घड्याळात अडाकल्यात. आमच्याकडे घड्याळात किती वाजले ता बघून कोण होडी काढणा नाय. भरती खय आसा ता बघूचा. तिथीची पाऊणपट कर, झाली भरतीची वेळ. चवथ आसली तर तीन वाजता, आठम आसली तर सहा वाजता, पुनव-अवसेक सव्वाअकरा. दुसरी भरती बारा तास नि वर पंचवीस मिनटांनी. बंदर बंदर बघून थोडा मागेपुढे. रोज पाऊण तासभर सरकता, ह्यो चंद्राचो टाईम. पुनव-अवसेक उधाण (मोठी भरती), आठमीक भांग (बारकी भरती). सरकारान घड्याळ अर्धो तास पुढे केला म्हणून सुकती (ओहोटी) अर्धो तास लवकर लागतली काय?

निवृत्त_गुरुजी

वा! पाऊणपटीचं कारणही सोपं आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, तिथी सरासरी दिवसापेक्षा जराशी लहान, त्यामुळे तिथीमागे अंदाजे पाऊण तास. टाईम झोन सूर्याचा, भरती मुख्यतः चंद्राची, दोघांचं जमायचं नाही.

कुवेतकर

इथे कुवेतला आम्ही भारताच्या अडीच तास मागे, दुबई-मस्कतवाले दीड तास. हा अर्धा तास फार पिडतो हो. इथल्या फिलिपिनो मित्राचा हिशोब पाच तास, बांगलादेशीचा तीन तास, गोळीबंद. आपलंच मेलं अर्ध्यावर. आई रात्री नऊला जेवून झोपते म्हणजे माझे साडेसहा, त्या वेळी मी बसमध्ये. हे अर्धं का ठेवलं?

रत्नांग्रीकर

देश ६८ ते ९७ अंशांवर पसरलाय, जवळपास दोन तासांचा. १५ च्या पाढ्यात बसवायचं तर एक ७५ चा झोन आणि एक ९० चा, पाच तासांचा आणि सहा तासांचा. दोन नकोत म्हणून मधला ८२.५ धरला, साडेपाच. आपण एकटे नाही, अफगाणिस्तान साडेचार, इराण साडेतीन, म्यानमार साडेसहा, श्रीलंका आपल्यासारखीच. नेपाळ तर पावणेसहा, त्यांनी गौरीशंकर शिखराजवळचा ८६ अंश १५ मिनिटांचा रेखांश धरला, गुणून बघा, बरोबर पावणेसहा येतात. सोनौलीला सीमा ओलांडली की घड्याळ १५ मिनिटं पुढे.

आणि फोनच्या पोटात ही वेळ नसतेच. आत यूटीसी, म्हणजे ग्रीनिचच्या जागी आलेली जागतिक वेळ, ती अणुघड्याळांवरून येते. मेसेजवर तोच क्षण लिहिलेला असतो, फोन फक्त दाखवताना साडेपाच मिळवतो, तुमचा फोन तीन मिळवतो. आपल्या देशाची वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते.

गावाकडून_लॉगिन

कुवेतकर, तुमचं बरं आहे, तुमचे अडीच तास बारा महिने अडीचच राहतात. मी गुहागरला घरून काम करतो, क्लायंट न्यूयॉर्कचा. त्याचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात माझे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार, या दोन दिवशी त्यांचं घड्याळ उडी मारतं आणि माझं जेवण सरकतं. लंडनवाले त्याच दिवशी उडी मारतील तर शप्पथ, ते मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत तिघांची मीटिंग लावायची म्हणजे डोक्याला शॉट. वर लाईट गेली की इन्व्हर्टर दोन तास. कुणी काढलं हे खूळ?

बोटीवरचा

पहिल्या महायुद्धात जर्मनीने, १९१६ मध्ये, कोळसा वाचवायला. उन्हाळ्यात त्यांचा दिवस सोळा-सतरा तासांचा, पहाटे चारचं ऊन झोपेत फुकट जातं म्हणून घड्याळ पुढे. आपल्या अक्षांशावर त्याचा उपयोग नाही, रत्नागिरीचा सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वात लहान अकराचा. तरी दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत भारताचं घड्याळ तासभर पुढे होतं, साडेसहावर. तेव्हा कोकणात खरी दुपार घड्याळाच्या दीड वाजून गेल्यावर व्हायची.

चाकरमानी_लालबाग

मूळ पोस्टमध्ये १९०६ झटकन उरकलंत, त्यात आपल्या माणसांचा भाग आहे. नवी वेळ आली आणि मुंबईचं घड्याळ एकदम ३९ मिनिटं पुढे सरकलं. आता गिरणीचा भोंगा घड्याळावर, आणि माणूस उठणार उजेडावर. जानेवारीचा महिना, आधीच उशिरा उजाडतं, त्यात पाऊण तास आधी गेटवर हजर व्हायचं. ५ जानेवारी १९०६ ला हजारो गिरणी कामगार काम टाकून बाहेर उभे राहिले, दगडफेक झाली. तेव्हा गिरण्यांत सर्वात जास्त भरणा रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा, म्हणजे ते दगड मारणारे निम्मेशिम्मे आपलेच आजे-पणजे असणार असं मी तरी धरून चाललोय. लोकांना अडाणी समजू नका, त्यांच्या झोपेतली ३९ मिनिटं खरोखर जात होती.

आणि वरच्या लोकांनाही ते पटलेलं नव्हतं. बंगालच्या फाळणीचं वर्ष नुकतंच सरलेलं, सरकारने न विचारता लादलेली प्रत्येक गोष्ट टोचत होती. महापालिकेने मुंबई टाईमच धरून ठेवला. एकाच शहरात रेल्वे आणि टपाल स्टँडर्डवर, पालिका बॉम्बे टाईमवर, लग्नपत्रिकेत कुठली वेळ ते लिहावं लागायचं. हा घोळ चालला १९५५ पर्यंत! कलकत्त्याने १९४८ मध्ये सोडला.

दोन_घड्याळं

मग आता तरी देशात दोन झोन करायला काय हरकत आहे? अरुणाचलात जूनमध्ये चार-सव्वाचारला सूर्य वर येतो, कचेरी उघडेपर्यंत अर्धा दिवस वाया, आणि डिसेंबरात साडेचारला अंधार. आसामच्या चहामळेवाल्यांनी केव्हाच बागान टाईम म्हणून तासभर पुढचं घड्याळ लावलंय. २०१८ मध्ये त्याच भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी मांडलं होतं की आसाम आणि बंगालच्या हद्दीवरून, ८९ अंश ५२ मिनिटांवर रेघ मारा, पलीकडे साडेसहा. तिथे रेल्वेची हद्द ओलांडणाऱ्या जागा कमी, म्हणून ती रेघ. सरकारने ते घेतलं नाही.

चाकरमानी_लालबाग

माझा त्यांना पाठिंबा आहे, ईशान्येला द्या त्यांचा सूर्य. फक्त अख्ख्या देशाचं घड्याळ सहावर नेऊ नका, तसंही सुचवणारे आहेत. त्यात मरण पश्चिम किनाऱ्याचं. जानेवारीत रत्नागिरीत सूर्य आत्ताच सात वाजून दहा मिनिटांनी उगवतो, तो सात चाळीसला उगवेल आणि शाळेची पोरं अंधारात एसटीच्या थांब्यावर.

बोटीवरचा

एकच घड्याळ ताणलं की काय होतं ते चीनकडे बघा. पाच झोनचा देश, १९४९ पासून सगळीकडे बीजिंगची वेळ, ग्रीनिचच्या आठ तास पुढे. त्यांच्या पश्चिम टोकाचं काशगर ७६ अंशांवर, म्हणजे नकाशात आपल्या सोलापूरच्या सरळ डोक्यावर. सोलापुरात बारा वाजतात तेव्हा काशगरच्या सरकारी घड्याळात अडीच. सूर्य तोच. तिथले लोक आपसात दोन तास मागची वेळ वापरतात, भेटायचं ठरवताना आधी विचारायचं, कुठल्या वेळेने? झोनच्या रेघा सरळ नसतात त्या यामुळेच, त्या राजधानीतून ओढल्या जातात. सामोआने तर २०११ मध्ये तारखेची रेघच आपल्या पलीकडे नेली, कारण धंदा सगळा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी आणि शुक्रवार-सोमवार जुळत नव्हते. ३० डिसेंबर २०११ हा दिवस तिथे उगवलाच नाही, गुरुवारनंतर एकदम शनिवार.

मालवणची_सून

म्हणजे शुक्रवार करणारीचा उपास बुडाला 🙈

आता माझं काम सांगते. नणंद न्यूजर्सीला, तिच्या मुलाच्या मुंजीचा मुहूर्त गावच्या भटजींनी काढून दिलाय, २२ एप्रिल सकाळी ११ वाजून ४२. ही इथली वेळ धरायची की तिथली? ती म्हणते साडेनऊ तास वजा करून रात्री २ वाजून १२ ला मुंज लावू का 😭

दाते_गोखले_नाही

अहो वहिनी, रात्री नको! नुसतं वजा करून चालत नाही. तिथी-नक्षत्र वजाबाकीने निघतं, पण लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर कुठली रास उगवतेय ते, आणि ते जागेवर ठरतं. एडिसनचं क्षितिज वेगळं, मालवणचं वेगळं. भटजींना गावाचे अक्षांश-रेखांश कळवा, ४०.५ उत्तर आणि ७४.४ पश्चिम, आणि हेही सांगा की एप्रिलात तिथलं घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं, ग्रीनिचच्या चार तास मागे धरा, पाच नाही. बरेच जण तिथेच फसतात. मुहूर्त नव्याने काढून घ्या, कदाचित तारीखही एखादा दिवस सरकेल, तेव्हा हॉल बुक करायच्या आधी विचारा.

मालवणची_सून

हॉल बुक झालाय 😬 उद्या भटजींना फोन करते.